अवघड बाजू

मी जळकी आहे. हे मी पहिल्यांदा लिहितेय असं नाही. याआधी एकदा दहा फुलस्केप पानांत लिहून झालंय, फक्त तिथे 'मी'च्या जागी 'मनुष्य' असं लिहिलं होतं.

हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, लोधीपुरा मोहल्ल्यात, आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि जाऊ. चुली वेगळ्या, जिना एक. मी शनवाऱ्यातल्या एका खासगी शाळेत वीस वर्षं हिंदी शिकवतेय. धाकटीचं माहेर धूलकोटकडचं, शेतीवाडीचं. ती लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली होती आणि मुंडी खाली घालून बोलायची. मला वाटलं, चला, हिच्यापासून आपल्याला काही धोका नाही. माणसं ओळखण्यात मी किती कच्ची आहे ते तेव्हाच कळायला हवं होतं.

तिच्या हातची शेवभाजी खायला माझा नवरा जिना चढून वर जातो आणि उतरल्यावर मला सांगतो, "रश्श्यात ती काहीतरी वेगळं टाकते, विचारून घे." माझी मुलगी इंदूरला हॉस्टेलवर राहते. तिचा फोन आधी काकूला जातो, मग मला. सासूबाई माझ्याकडे खाली राहतात, पण गुडघ्याला तेल चोळायला त्यांना वरच्याच सुनेचा हात लागतो. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की बोलावणं तिला. ती जाते, पदर खोचते, हसते, आणि दोन तासांत त्या घरचीच होते. मी गेले तर बायका खुर्ची पुढे करतात.

या सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. शिकलेली मी आहे. बँकेचा कागद आला, नगरपालिकेची नोटीस आली, लग्नपत्रिकेचा मजकूर करायचा झाला, की घरात हाक मला पडायची. सासूबाई लोकांना सांगायच्या, "मोठी शिकेल आहे, धाकटी कामाची आहे." या वाक्यावर मी पंधरा वर्षं काढली. त्यातला दुसरा अर्धा भाग मला खटकायचा, पण पहिला अर्धा माझा होता आणि तेवढा मला पुरत होता.

मग धाकटीनं दोन मुलं सांभाळत बाहेरून बी.ए. केलं. मी पेढे वाटले. तेव्हा पोटात दुखलं, पण फार नाही; बी.ए. काय, गल्लीत चार जणींचं होतं. पुढे मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए.ला बसायचं ठरवलं. पत्राद्वारे अभ्यासक्रम, दर रविवारी केंद्रावर तास. मी फॉर्म आणला, टेबलावर ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी धाकटी जिन्यातून हाक मारत खाली आली.

"ताई, म्या बी भरला. तुमच्यासंगं जाणं-येणं होईन. एकलीनं माझ्याच्यानं झालं नसतं."

मी म्हटलं, "अरे वा." त्या दिवशी वरणात मी मीठ दोनदा घातलं.

केंद्रावरचे सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, बोलणं शुद्ध हिंदी. होळी झाल्यावर त्यांनी वर्षाचं मोठं काम दिलं. विषय, मनुष्याचा मूळ स्वभाव चांगला की वाईट. नुसता निबंध चालणार नव्हता, आणि दोन हजार शब्दांच्या वर जायचं नव्हतं. एक बाजू घ्यायची, तिच्यावर ठाम उभं राहायचं आणि वाचणाऱ्याला ओढून आपल्याकडे आणायचं. सर त्याला पोझिशन पेपर म्हणायचे. "दोनों तरफ़ पाँव मत रखिएगा," त्यांनी बजावलं. "और उदाहरण अपने जीवन से। किताब से नहीं." ज्याचा पेपर सगळ्यांत जास्त पटेल तो केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमात वाचला जाणार होता, घरच्या मंडळींसमोर. नाव त्याच दिवशी जाहीर होणार होतं.

मला त्या रविवारी घरी येईपर्यंत तो कार्यक्रम डोळ्यांसमोर दिसायला लागला. सासूबाई पहिल्या रांगेत, नवरा मोबाइलवर व्हिडिओ काढतोय, आणि धाकटी मागे कुठेतरी बसून टाळ्या वाजवतेय. मुख्य म्हणजे धाकटी मागे कुठेतरी.

बाजू निवडायला मला वेळ लागला नाही. वाईट. वाईट सिद्ध करायला कष्ट पडत नाहीत. सकाळचा पेपर उघडा, भावकीतली वाटणी बघा, शाळेच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास बसा. चांगलं सिद्ध करायचं म्हणजे गोड गोड लिहावं लागतं, आणि गोड लिहिणारा माणूस पाचव्या ओळीला प्रवचन करायला लागतो. वीस वर्षं पोरांचे निबंध तपासून एवढं मला समजत होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. धाकटी वही घेऊन आली आणि टाकीच्या कठड्यावर बसली.

"ताई, मले तं काहीच सुचून नाही ऱ्हायलं. माणूस चांगला बी असते, वाईट बी असते. आता सर म्हने एकच बाजू घ्या. कोणती घेऊ?"

मी दोरीवरची चादर ओढली. चादर मोठी होती, माझं तोंड तिच्याआड होतं.

"चांगला घे," मी म्हटलं. "सोपं आहे ते. उदाहरणं हाताशी सापडतात. सरांना पण आवडेल."

"अन् तुम्ही?"

"मी वाईट घेते. अवघड आहे, पण बघते."

ती वहीत लिहून घ्यायला लागली. काय लिहीत होती कोण जाणे, एवढं लिहिण्यासारखं मी काही बोलले नव्हते. मग तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून घडी घातली. मला लाज वाटली का? थोडी वाटली. जिना उतरेपर्यंत ती गेली.

माझ्या पेपरासाठी मला उदाहरण हवं होतं, आणि ते दारातच होतं. चैत्र लागला की आमच्या गल्लीत पापड सुरू होतात. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. जिच्याकडे पाळी असेल तिनं पहाटे उडदाचं पीठ भिजवून कुटून ठेवायचं, बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. बोलावणं नसतं. जायचंच असतं. घरवाली तेल लावून लाट्या खायला देते, चहा होतो, आणि दुपार कलेपर्यंत वाळत घातलेल्या पापडांनी खाटा भरतात. बाहेरचा कुणी पाहील तर म्हणेल, किती प्रेमाच्या बायका.

माझं म्हणणं होतं की यात प्रेम कवडीचं नाही. प्रत्येक बाई जाते ती आपल्या पाळीला खाट रिकामी राहू नये या धास्तीनं. ही धास्ती काढून घ्या, मग बघा कोण येतं. लिहायला हे छान होतं, पण सरांनी जीवनातलं उदाहरण मागितलं होतं. मग मी ठरवलं की करूनच बघू. त्या वर्षी मी कुणाकडेच जायचं नाही. आणि माझ्या पाळीच्या दिवशी पीठ कुटून दार उघडं ठेवून बसायचं. एकही बाई येणार नाही, आणि माझा पेपर आपोआप लिहून होईल.

आता आठवलं की हसू येतं. पाच किलो उडदाचं पीठ भिजवून कुणी येऊ नये म्हणून देवाजवळ बसलेली बाई लोधीपुऱ्यात माझ्याआधी झाली नसेल.

पहिल्या घरी पापड होते तेव्हा मी शाळेच्या परीक्षांचं निमित्त सांगितलं. दुसऱ्या घरी पेपर तपासायचे आहेत म्हणाले. पुढे निमित्तही दिलं नाही. खिडकीतून बायका लाटणी घेऊन जाताना दिसायच्या. धाकटी रोज जायची, ती जातेच. मी वहीत टिपणं काढत बसायचे आणि मनातून मला फार हुशार वाटायचं.

माझ्या पाळीच्या दिवशी मी रजा घेतली. साडेसातपर्यंत कुणी आलं नाही. मी घड्याळ बघत होते आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. पावणेआठला समोरच्या काकू आल्या. मागोमाग कोपऱ्यावरच्या दोघी. मग पाटलांच्या घरच्या सासू-सुना. सव्वाआठला माझ्या पुढच्या खोलीत नऊ पोळपाट होते आणि मी लाट्या करून देत होते. माझा चेहरा पाहून कुणीतरी विचारलं, तब्येत बरी नाही का.

मी समोरच्या काकूंना म्हटलं, "यंदा मला कुणाकडेच यायला जमलं नाही, काकू. तुम्ही सगळ्या आल्या, मला कसंतरीच होतंय."

"तुमच्या वाटची तुमची जाऊ बसली ना," काकू लाटता लाटता म्हणाल्या. "आमच्याइथं सकाळी तिच्या वाटची आली, अन् घरचं आवरून दुपारी पुन्हा आली. म्हने ताईले पेपर तपासाचे हायेत, त्यायनं मले पाठवलं. नऊच्या नऊ घरी तसंच केलं तिनं. हात सुजले असतीन बिचारीचे."

धाकटी समोरच बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी तिला कुठेही पाठवलं नव्हतं. मी न गेल्याचं कुणी बोलू नये म्हणून ती स्वतःच्या मनानं गेली होती आणि वर खोटं बोलून श्रेय माझ्या पदरात टाकून आली होती. दुसरी कुणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हिनं माझा पेपर बिघडवला.

दोन दिवस मी त्यावर विचार केला. खोटं मीही बोलले होते, गच्चीवर. खोटं तीही बोलली होती, नऊ घरी. दोन्ही खोटी एकाच घरातली, एकाच महिन्यातली. कुणी विचारलं असतं की माणूस मुळात कसा, तर उत्तर द्यायला एवढं पुरेसं होतं. पण मी बाजू घेतलेली होती. मी लिहिलं की बायका आल्या, कारण माझ्या वाटची पाळी भरली गेली होती. ती भरली गेली नसती तर एकही आली नसती, म्हणजे पुन्हा स्वार्थच. वाक्य वाचून मला फार बरं वाटलं. युक्तिवादात कुठे फट राहिली नव्हती. धाकटीचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि तो नसल्यामुळे सगळं किती सुटसुटीत झालं होतं.

धाकटीनं काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं नाही. एकदा मीच विचारलं. "तुम्ही हसाल," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही हसणार." आणि मनात म्हटलं, हसायची संधी सर देतील.

कार्यक्रमाच्या दिवशी मी चंदेरी साडी नेसले. सासूबाईंना रिक्षात बसवून नेलं. हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि गरम हवाच फिरवत होते. सर माइकवर आले, जिवाचा विचार, मनाचा विचार वगैरे बोलले, आणि मग त्यांनी धाकटीचं नाव घेतलं.

मी टाळी वाजवली. आधी माझीच टाळी वाजली, हे नवऱ्यानं काढलेल्या व्हिडिओत दिसतं.

ती घाबरत घाबरत वर गेली. तिची हिंदी धूलकोटच्या वळणाची, आणि मी मनातल्या मनात लाल पेन घेऊन बसले होते. पहिल्या पानावर मी चार चुका काढल्या. मग तिनं वाचलं, "मेरी जेठानी और मैं एक ही परीक्षा में बैठी हैं."

जेठानी म्हणजे थोरली जाऊ, म्हणजे मी. माझं पेन तिथेच थांबलं.

तिनं लिहिलं होतं की परीक्षेत दोघी असल्या की एकीचं यश म्हणजे दुसरीचं मागे राहणं. तरीही तिनं जेव्हा जेठानीला विचारलं, कोणती बाजू घेऊ, तेव्हा जेठानीनं सोपी बाजू तिला दिली आणि अवघड स्वतःकडे ठेवली. कुणी बघत नव्हतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. गच्चीवर दोघीच होत्या आणि कपडे होते. "जहाँ कोई देखने वाला न हो, वहाँ मनुष्य जो करे, वही उसका स्वभाव है," तिनं वाचलं. एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि पुढची सगळी पानं त्याच एका गोष्टीवर उभी होती. पापडांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आपण नऊ घरी दुबार बसलो हे तिला पुरावा म्हणून सुचलंच नव्हतं.

लोक टाळ्या वाजवत होते. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सरांनी माइक घेतला आणि म्हणाले, ती जेठानीही इथेच आहेत, उभ्या राहा.

मी उभी राहिले. त्या क्षणी त्या हॉलमध्ये माझ्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा माझ्याकडे होता. दहा पानांत मी जो देऊ शकले नव्हते तो. एक वाक्य बोलले असते की चादरीच्या आड मी काय विचार करत होते, तर माझा पेपर तिथल्या तिथे सिद्ध झाला असता आणि तिचा पाडला गेला असता. मनुष्य वाईट, हे मी जिंकले असते. मी हात जोडले, मान थोडी वाकवली आणि खाली बसले.

आयुष्यभर मी धाकटीचा हेवा केला, हे मी कबूल केलंय. पण त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर जो हेवा वाटला तो तिचा नव्हता. तो त्या कागदातल्या जेठानीचा होता. ती बाई मला दिसत होती, गच्चीवर उभी, तोंडासमोर चादर नसलेली. लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते. ती किती सहज चांगली होती.

त्यानंतर गल्लीत माझा भाव वधारला. समोरच्या काकू आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायला लागल्या. सासूबाईंचं वाक्यही बदललं. आता त्या म्हणतात, "धाकटी शिकेल आहे, अन् मोठी मनाची मोठी आहे." म्हणजे माझा अर्धा भाग तिच्याकडे गेला आणि तिच्यामुळे जो मला मिळाला तो माझा नाही. मी ऐकते आणि चहा ओतते.

पेपर तपासून पुढच्या रविवारी परत मिळाले. माझ्या पहिल्या पानावर सरांनी लिहिलं होतं, 'भाषा उत्तम'. मी दुसऱ्याच्या पोरांच्या वह्यांवर हे दोन शब्द कधी लिहिते ते मला माहीत आहे. तिसऱ्या पानावर, जिथे मी पाळी भरली गेली होती म्हणून बायका आल्या असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी लाल पेनानं खूण करून बाजूला विचारलं होतं, 'किसने भरी?'

मी तो पेपर कपाटात, साड्यांखाली ठेवणार होते. पण घरी पोचल्या पोचल्या धाकटी चपला काढायच्या आत म्हणाली, "ताई, तुमचा द्या ना वाचाले. माझा तं सगळ्यायनं ऐकला, तुमचा कोणीच नाही वाचला." सासूबाई समोर होत्या. नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही.

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून वाचायला लागली. वाचताना तिचे ओठ हलतात. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवायला घेतली, कारण हात कशात तरी घालायला हवे होते. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. "किती सुंदर लिहिलं," ती तिथूनच म्हणाली. मग बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. पेपर उघडा होता, बोट त्या लाल खुणेवर.

"ताई, सरनं इथं विचारलं, पाळी कोनं भरली." ती रागावलेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "इथं माझं काबरं नाही लिहिलं?"

मी कणीक मळत राहिले. पाणी जास्त झालं होतं, ती बोटांना चिकटत होती.

"शब्द संपले होते," मी म्हटलं. "दोन हजाराच्या वर जायचं नव्हतं ना."

ओठ हलवत तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "ते बी आहेच. मले बी लई कापाकापी कराव लागली." तिनं पेपर नीट दुमडला, ओट्याच्या कोरड्या बाजूला ठेवला आणि वर निघून गेली. तिला पटलं होतं. त्या सगळ्या उद्योगात मी कुणाला काही पटवून दिलं असेल, तर ते एवढंच.